वडिलांचे घड्याळ : चालवायचे की जपायचे?

आपल्या समाजातील पहिल्या नोकरदार पिढीने मागे काय ठेवले याची यादी करायला बसलो तर ती फार लांबत नाही. सेवापुस्तिकेची प्रत, पेन्शनचे कागद, चार पुस्तके, नागपूरच्या दीक्षाभूमीवर काढलेला एखादा फोटो आणि एक मनगटी घड्याळ. बहुतेकांकडे वाडा नव्हता, जमीन असली तर ती वादातली, आणि जे काही सोने होते ते मुलांच्या शिक्षणात गेलेले. म्हणून वडील किंवा आजोबा गेल्यावर त्यांच्या चावीच्या घड्याळाचे काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. ते उघडून, साफ करून पुन्हा चालू करायचे, की ज्या वेळेवर थांबले त्या वेळेवर तसेच राहू द्यायचे? पुष्कळ घरांत यावर मतभेद आहेत आणि प्रत्येकाला आपलेच प्रेम खरे वाटते.

संगमनेरच्या न्यायालयात वकिली करताना बांधाचे, भाड्याचे, पोटगीचे वाद आमच्यासमोर रोज येतात. काही दिवसांपूर्वी दोन भाऊ आणि एक बहीण आले ते मात्र वडिलांच्या घड्याळावरून. वडील एसटीत वाहक होते. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी आपल्याच जिल्ह्यातून, नगर-पुणे मार्गावर धावली; त्या एसटीत पुढे नोकरी मिळालेल्या पिढीतले ते. त्यांनी एचएमटीचे ‘जनता’ घेतले आणि निवृत्तीपर्यंत तेच वापरले. थोरल्याचे म्हणणे, घड्याळ दुरुस्तीला टाकू, नवी तबकडी बसवू, पॉलिश करू, म्हणजे अगदी नव्यासारखे होईल. धाकट्याचे म्हणणे, काचेवरचा ओरखडा आणि झिजलेली कड हे सगळे नानांचे आहे; कुणी हात लावायचा नाही. बहीण बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “मला अजून कुणी विचारलेलेच नाही.”

तिघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. पण आधी हे घड्याळ त्या माणसाला काय होते ते समजून घेऊ.

१८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदाराच्या कामाला ना तास होते ना पाळी. हाक आली की उठायचे, मग ती दिवसा असो वा मध्यरात्री. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन प्रत्यक्षात संपवणारा कायदा १९५८ चा, आणि तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. दुसरीकडे कारखान्यांत १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक आले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ज्याच्या बापाचा वेळ गावाच्या मालकीचा होता, त्याच्या मनगटावर घड्याळ आले. ड्यूटी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे तो आता दुसऱ्याला न विचारता सांगू शकत होता. त्या माणसाने घड्याळ मिरवण्यासाठी घेतले नव्हते, त्याला त्याचा उपयोग होता. हे लक्षात ठेवले तर पुढचा निर्णय सोपा होतो.

आता घड्याळाकडे वळू. हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत मनगटी घड्याळे काढायला सुरुवात केली. त्याआधी फेवर-ल्यूबा, वेस्ट एंड अशी स्वित्झर्लंडची घड्याळे मुंबईत मिळत, पण ती सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची. एचएमटीचे ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ शिक्षकाच्या, शिपायाच्या, तलाठ्याच्या हातावर आले. आणि लग्नातही आले. सायकल, रेडिओ, घड्याळ ही त्या काळातली मागणी कुणाला आठवत नाही? ज्या १९६१ साली एचएमटीचे पहिले घड्याळ आले, त्याच वर्षी हुंडा प्रतिबंधक कायदाही आला. घड्याळे खेड्यापाड्यांत पोहोचली, कायदा मात्र मागे राहिला. आज आपण ज्याला वडिलांची आठवण म्हणतो, ते कदाचित आईच्या बापाने कर्ज काढून दिलेले असेल. हेही त्या घड्याळाच्या इतिहासात धरले पाहिजे.

अशा घड्याळाच्या आत एक गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग असते. चावी देताना आपण ती आवळतो आणि ती हळूहळू सैल होत दातेरी चाके फिरवते. ही ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी एक बॅलन्स चक्र मागे-पुढे झोके घेते आणि दर झोक्याला एकच दाता पुढे सोडते. टिकटिक म्हणतात ती हीच. त्या काळच्या बहुसंख्य चावीच्या घड्याळांत हे तासाला १८,००० वेळा घडते. दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला १५ कोटी ७६ लाखांहून अधिक. चाकांच्या आसांची टोके केसासारखी बारीक, आणि ती ज्या खड्यांत फिरतात ते कृत्रिम माणकाचे. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असते ते याच खड्यांविषयी. खडा आणि आस यांच्यामध्ये तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब असतो. सगळे घड्याळ त्या थेंबावर चालते.

आणि तेल टिकत नाही. काही वर्षांत ते आटते, घट्ट होते, बाजूला सरकते. त्यात धूळ आणि झिजलेल्या धातूचा कीस मिसळला की तेच तेल पोलिश पेपरसारखे काम करू लागते. म्हणून रोज वापरातले चावीचे घड्याळ साधारण तीन ते पाच वर्षांनी पूर्ण उघडून, धुऊन, नव्याने तेल द्यावे असे जाणकार कारागीर सांगतात. घड्याळ वेळ बरोबर दाखवते याचा अर्थ ते निरोगी आहे असा नाही. कोरडे पडलेले घड्याळही पुष्कळ दिवस चालते. फक्त चालता चालता स्वतःला खाते.

यातून धाकट्या भावाच्या म्हणण्यातली अडचण दिसते. ‘हात लावायचा नाही’ हे शब्द आपल्या समाजाने वेगळ्याच अर्थाने पुष्कळ ऐकले आहेत, म्हणून ते प्रेमाने उच्चारले तरी एकदा तपासून घ्यावेत. घड्याळ कपाटात बंदच राहणार असेल तर न उघडण्याने फारसे बिघडत नाही. फिरत नाही ते झिजत नाही. पण आठवण आली की काढायचे, चावी द्यायची, चार तास कानाला लावून टिकटिक ऐकायची, सणाला हातात घालायचे आणि सर्व्हिसिंगला मात्र नकार द्यायचा, हे सगळ्यांत वाईट. हा काही मध्यम मार्ग नव्हे. यात वस्तू वापरलीही जाते आणि तिची काळजीही घेतली जात नाही.

हा पेच फक्त आपल्या घरांतला नाही. इंग्लंडमध्ये ग्रिनिच वेधशाळेत जॉन हॅरिसनची घड्याळे आहेत. हा हॅरिसन सुतारकाम करणारा, स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस. भर समुद्रात जहाजाचे रेखांश कळावेत म्हणून त्याने अठराव्या शतकात अचूक घड्याळे बनवली, आणि विद्वान खगोलशास्त्रज्ञांच्या मंडळाकडून आपला हक्क मिळवायला त्याला अर्धे आयुष्य झगडावे लागले. पुढे ती घड्याळे दुर्लक्षित पडली. १९२० साली रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याने ती पाहिली तेव्हा त्यांच्यावर गंज आणि घाण चढलेली होती. कुणी हात लावला नव्हता, आणि त्यामुळेच ती मरणपंथाला लागली होती. गूल्डने अनेक वर्षे खर्चून ती पुन्हा उभी केली. आज त्यांतली पहिली तीन मोठी घड्याळे चालू ठेवली जातात, कारण त्यांच्या रचनेला तेल लागत नाही. चौथे, १७५९ चे, सगळ्यांत प्रसिद्ध घड्याळ मात्र मुद्दाम बंद ठेवले जाते, कारण त्याला तेल लागते आणि चालवले तर ते झिजेल. एकाच माणसाची, एकाच संग्रहातली घड्याळे, पण निर्णय दोन. प्रत्येक निर्णय त्या त्या घड्याळाची गरज पाहून घेतलेला.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर बाबासाहेबांच्या वस्तूंचे घ्यावे. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत, त्यात बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू आहेत, त्यात टाइपरायटर आहे. ते व्हायोलिन कुणी वाजवावे किंवा त्या टाइपरायटरवर पत्र टंकावे असे कुणीही म्हणणार नाही. या वस्तू आता कुणा एकाच्या नाहीत, साऱ्या समाजाच्या आहेत आणि पुराव्याच्या आहेत. पण म्हणून त्या जिथे आहेत तिथे नुसत्या पडू द्यायच्या का? कापडाला कसर लागते, लोखंडाला गंज चढतो, लाकूड ओलीने फुगते. जपणे म्हणजे काही न करणे नव्हे, जपणे हे काम आहे आणि त्याला माणसे, पैसा आणि ज्ञान लागते. सब्बे सङ्खारा अनिच्चा म्हणताना आपण हेच तर मान्य करतो की राखल्याशिवाय काही राहत नाही, आणि राखूनही ते कायमचे राहत नाही.

आता थोरल्या भावाचे म्हणणे. सर्व्हिसिंग आणि नवे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक नुकसान त्या एकच समजल्याने होते. सर्व्हिसिंग म्हणजे आतले मशीन खोलणे, धुणे, तेल देणे आणि वेळ लावणे. त्यात तबकडीला, काट्यांना, केसला काहीही करावे लागत नाही. नवे करणे म्हणजे तबकडी पुन्हा रंगवणे, कडा पॉलिशने घासणे, काटे बदलणे. पॉलिशने ओरखडे जातात, पण त्यांच्याबरोबर धातूही जातो, आणि पाठीवर कोरलेले नाव, तारीख किंवा कंपनीचा क्रमांक असेल तर तोही पुसट होतो. जुन्या घड्याळांच्या जगभरच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक कुत्सित शब्द आहे. चार घड्याळांचे भाग जोडून, तबकडी भडक रंगात रंगवून ‘जुने अस्सल’ म्हणून विकलेल्या घड्याळाला ते हे नाव देतात. आपल्या वडिलांचे घड्याळ आपणच पैसे देऊन ‘मुंबई स्पेशल’ करून घ्यावे, हे कुणाला पटेल? एकदा रंगवलेली तबकडी पूर्वीसारखी होत नाही. तेल मात्र आज दिले तरी उद्या धुऊन काढता येते. जे परत फिरवता येते ते करावे, जे परत फिरवता येत नाही त्याच्यापुढे थांबावे, हा साधा नियम पुरेसा आहे.

म्हणजे दोघा भावांचे अर्धे अर्धे बरोबर आहे. आतले मशीन साफ करा, बाहेरची खूण पुसू नका.

राहिली बहीण. तिचा प्रश्न भावनेचा नाही, कायद्याचा आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता वडील गेले तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असल्यास आई, यांना समान हिस्सा आहे. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असे अनेकांना वाटते. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबद्दल होती. बापाच्या स्वतःच्या कमाईतला मुलीचा समान वाटा १९५६ पासूनचा आहे. ज्या हिंदू कोड बिलाची कोंडी हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते, त्याच्याच वाटेने हा हक्क आला. तो सात-बाराला लागू आहे तसा घड्याळालाही आहे. घड्याळ लग्नात मागून घेतलेले असेल तर प्रश्न आणखी पुढे जातो, कारण दुसऱ्याने घेतलेला हुंडा वधूच्या मालकीचा धरावा आणि तिला परत द्यावा असे हुंडा प्रतिबंधक कायद्याचे सहावे कलम सांगते. थोडक्यात, घड्याळ मनगटाच्या मापाने थोरल्या मुलाकडे जात नाही. आमच्या गावात हजारो स्त्रियांनी विड्या वळून संसार केले. त्यांच्या कामाचा हिशेब तासावर नव्हता, हजार विड्यांवर होता, म्हणून त्यांच्या मागे घड्याळ राहिले नाही. निदान जे राहिले आहे त्याच्या निर्णयात तरी लेकींना बसवले पाहिजे. त्या तिघांना आम्ही हेच सांगितले, आणि कोर्टाची पायरी न चढता तिघांच्या सहीचा एक साधा कागद करायला लावला.

घड्याळ दुरुस्तीला देतानाही कायदा थोडा माहीत असावा. वस्तू दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या ताब्यात देणे म्हणजे १८७२ च्या करार कायद्यातील निक्षेप. शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी कारागिराने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. त्याचबरोबर ठरलेली मजुरी मिळेपर्यंत घड्याळ अडवून ठेवण्याचा हक्क कलम १७० ने त्यालाही आहे. म्हणून चिठ्ठीशिवाय घड्याळ देऊ नये. त्या चिठ्ठीवर काय करायचे याबरोबर काय करायचे नाही तेही लिहून घ्यावे. तबकडी रंगवायची नाही, पॉलिश करायचे नाही, विचारल्याशिवाय भाग बदलायचा नाही, आणि बदललेला जुना भाग पुडीत परत द्यायचा. देण्याआधी पुढून, मागून आणि झाकण उघडल्यावर आतून मोबाइलवर फोटो काढावेत.

कारागिराला एकच प्रश्न विचारावा : पूर्ण उघडून धुणार का? ‘दोन थेंब तेल सोडतो, लगेच घेऊन जा’ असे उत्तर आले तर घड्याळ उचलून घरी यावे. घाणीवर टाकलेले तेल घाण आणखी आत नेते. अंधारात चमकणारे जुने आकडे आणि काटे असतील तर त्यांना घरी खरवडू नये. १९६० च्या दशकापर्यंत या रंगात रेडियम वापरत. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याची शक्ती निम्मी व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात आणि त्याची पूड नाकातोंडात जाणे घातक आहे. पट्टा खुशाल बदलावा. घामाने कुजलेले चामडे धातूलाही गंजवते. जुना पट्टा हवा तर वेगळ्या पाकिटात ठेवावा.

बंद ठेवायचे ठरले तर नीट बंद ठेवावे. चालते का ते पाहायला दर महिन्याला चावी देऊ नये, हलवून पाहू नये. पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा डब्यात, मऊ कापडात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. सेलवर चालणारे असेल तर सेल आधी काढावा, कारण तो फुटून मशीन खातो.

हा निर्णय पुढे ढकलू नये, याचे कारण कारागिरांत आहे. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. जुन्या घड्याळांचे सुटे भाग आता बहुतेक जुन्या साठ्यातून किंवा मोडीत निघालेल्या घड्याळांतून मिळतात. डोळ्याला भिंग लावून टपरीत बसणारा, चावीचे मशीन खरोखर उघडू शकणारा माणूस तालुक्याच्या गावी आता शोधावा लागतो, आणि त्याची मुले त्या टपरीत बसलेली क्वचितच दिसतात. त्याचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, त्याच्या बोटांत आहे. आपल्याला आठवणीची किंमत असेल तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

एक काम मात्र कुठल्याही कारागिराकडून होणार नाही. ते घड्याळ कुणाचे, कधी घेतले, कोणत्या पगारातून, कोणत्या नोकरीत वापरले, लग्नात आले असेल तर कुणी दिले, हे एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवायचे. गौरवाचे तेवढे लिहून अडचणीचे गाळायचे नाही. चालणारे घड्याळही कागद नसेल तर नातवाच्या हातात जुनी वस्तू म्हणून पडेल आणि भंगारात जाईल. बंद पडलेले घड्याळ कागदासह गेले तर तो घराण्याचा दस्तऐवज होतो. आपल्या पूर्वजांचे दस्तऐवज दुसऱ्यांनी लिहिले, आणि त्यात त्यांची नावेही धड नव्हती. आपल्या बापाचा दस्तऐवज लिहिणे आपल्या हातात आहे. घरात आई असेल, आत्या असेल, तर आजच विचारून घ्या. घड्याळ एकदा थांबले तर पुन्हा चालू करणारा कुणीतरी भेटेल. त्यांना जे आठवते ते पुन्हा सांगणारे कुणी भेटणार नाही.